डिजिटल प्रकल्पात तांत्रिक मानकं स्वीकारताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संस्थेत नवा डिजिटल प्रकल्प सुरू होतोय, आणि बैठकीत कुणीतरी "आपण अमुक मानक वापरू" असं म्हणून मोकळं झालंय. ते वाक्य उच्चारल्यापासून दोन वेगळ्या यंत्रणा खरोखर एकमेकींशी बोलायला लागेपर्यंत मध्ये बरंच काम असतं. इथली उत्तरं मुख्यतः त्या मधल्या कामाबद्दल आहेत, कारण प्रकल्प अडकतात ते तिथेच.

मानक म्हणजे नेमकं काय? कायदा आणि प्रमाणपत्र यांपेक्षा ते वेगळं कसं?

मानक म्हणजे लिहून ठेवलेला करार. तारीख अशी लिहायची, फाइलची रचना अशी असेल, दोन संगणकांनी एकमेकांना ओळख अशी पटवायची. तो पाळायचा की नाही हे सहसा आपल्या हातात असतं. कायद्यात किंवा कंत्राटात त्या मानकाचं नाव आलं की तो बंधनकारक होतो. प्रमाणपत्र ही तिसरीच गोष्ट आहे: तुम्ही मानक पाळता, असं तिसऱ्या कुणीतरी तपासून दिलेलं लेखी मत.

मानकांमध्येही दोन जाती आहेत, आणि त्या एकत्र केल्या की गोंधळ होतो. यूटीएफ-८ (अक्षरं साठवण्याची पद्धत) किंवा एचटीटीपी (वेबपानांची ने-आण) ही यंत्रांमधली मानकं आहेत, तिथे चूक झाली की बहुधा काहीतरी लगेच बंद पडतं. माहितीच्या सुरक्षेसाठीच्या आयएसओ/आयईसी २७००१ सारखी मानकं संस्थेनं काम कसं करावं ते सांगतात, तिथली चूक कित्येक महिने कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन्हींसाठी एकच माणूस आणि एकच तपासयादी ठेवू नका.

आम्हाला नवं काहीतरी करायचंय. मानकांनी हात बांधले जाणार नाहीत का?

चुकीच्या जागी मानक आणलं तर बांधले जातात. म्हणून ही शंका घेणाऱ्या इंजिनिअरला गप्प करू नका, त्याला जागा दाखवायला सांगा.

क्यूआर कोडचं उदाहरण बघा. डेन्सो वेव्ह या जपानी कंपनीनं तो १९९४ मध्ये वाहनांच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी तयार केला. पेटंट कंपनीकडेच होतं, पण मानकाप्रमाणे बनवलेल्या कोडवर आपण हक्क बजावणार नाही, असं तिनं जाहीर केलं. २००० मध्ये तो आयएसओ/आयईसी १८००४ झाला. या मानकानं काय ठरवलं? कोपऱ्यांतले तीन चौकोन, ठिपक्यांची जाळी, आणि कोडचा काही भाग खराब झाला तरी वाचता यावं म्हणून दुरुस्तीच्या चार पातळ्या, ज्यांतली सर्वांत वरची सुमारे ३० टक्के नुकसान भरून काढते. आत काय लिहायचं, हे मात्र मोकळं सोडलं. पुढे त्याच चौकोनात तिकिटं आली, पैसे भरण्याचे तपशील आले, वाय-फायचे पासवर्ड आले. कारखान्यासाठी कोड बनवणाऱ्यांनी यातलं फारसं काही कल्पिलंही नसेल. वाचणाऱ्या यंत्राला खात्री मिळाली आणि वापरणाऱ्याला मोकळीक.

आपल्या प्रकल्पातही हाच प्रश्न विचारायचा: सांधा कुठे आहे? आपली यंत्रणा दुसऱ्या कुणाच्या यंत्रणेला जिथे भिडते, तिथे मानक हवं. आतलं शक्य तितकं मोकळं राहू द्या. देवाणघेवाणीसाठी बनवलेल्या मानकाची रचना उचलून तीच आपल्या आतल्या डेटाबेसची रचना करणं, ही चूक मला वारंवार दिसते. सुरुवातीला काम वाचल्यासारखं वाटतं. मग मानकाची नवी आवृत्ती येते आणि अख्खा डेटाबेस हलवावा लागतो, कारण सांध्यावरचा बदल आत घुसायला तुम्हीच दार ठेवलेलं असतं.

संस्था मानक स्वीकारतात त्यामागची खरी कारणं कोणती?

सांगितली जातात ती कारणं आणि असतात ती कारणं नेहमी एक नसतात. काही ठिकाणी सक्ती असते: नियामक किंवा मोठा ग्राहक मागतो. काही ठिकाणी अनुकरण असतं: क्षेत्रातल्या मोठ्या संस्थेनं घेतलं म्हणून आपणही. काही वेळा नवे इंजिनिअर आधीच्या नोकरीतून किंवा शिक्षणातून ते मानक सोबत घेऊन येतात आणि ते आपोआप रुजतं. आणि काही वेळा खरंच फायदा मोजलेला असतो. जितके जास्त लोक तेच मानक वापरतात, तितकं ते आपल्याला जास्त उपयोगी पडतं.

यातलं कुठलंच कारण लाजिरवाणं नाही. पण आपलं कारण कोणतं, ते निर्णयाच्या कागदावर एका ओळीत लिहा. सक्ती असेल तर आधी तारीख आणि पुरावा महत्त्वाचा. फायदा असेल तर आधी कुणाशी जोडायचं ते नाव महत्त्वाचं. कारण लिहिलेलं नसलं की सहा महिन्यांनी खर्चाचा प्रश्न निघतो तेव्हा प्रत्येक जण वेगळं कारण सांगतो.

ही मानकं बनवतं कोण?

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ १८६५ पासून आहे, आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोग) १९०६ पासून, आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संघटना) १९४७ पासून. आयएसओचे सदस्य म्हणजे देशोदेशींच्या राष्ट्रीय मानक संस्था. इंटरनेटचे प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलण्याचे नियम, आयईटीएफ या गटात ठरतात, जिथे कुणीही व्यक्ती म्हणून भाग घेऊ शकते. वेबचं काम १९९४ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी सुरू केलेल्या डब्ल्यूथ्रीसीमध्ये चालतं, आणि एचटीएमएलचं, म्हणजे वेबपानं लिहिण्याच्या भाषेचं, जिवंत, सतत बदलणारं मानक ब्राउझर बनवणाऱ्यांच्या व्हॉटडब्ल्यूजी या गटाकडे आहे. आयईटीएफ आणि डब्ल्यूथ्रीसीचे दस्तऐवज मोफत वाचता येतात. आयएसओचे बहुतेक विकत घ्यावे लागतात.

एकाच कामासाठी दोन-तीन मानकं आहेत. निवड कशी करावी?

कागदावर कोणतं जास्त परिपूर्ण दिसतं, यावरून निवडू नका. संगणक-जाळ्यांच्या इतिहासात याचा मोठा धडा आहे. १९८० च्या दशकात ओएसआय ही सात थरांची रचना आयएसओच्या पाठबळानं उभी राहिली. तिच्यामागे सरकारं होती. अमेरिकी केंद्र सरकारनं तर १९९० पासून खरेदीत ओएसआय प्रोटोकॉल सक्तीचे केले. दुसरीकडे टीसीपी/आयपी हा प्रोटोकॉलांचा संच होता, कमी नीटनेटका, पण चालू असलेला आणि सहज मिळणारा. १९९५ मध्ये ती सक्ती सैल करावी लागली. सात थर आज मुख्यतः शिकवण्यापुरते आणि बोलण्यापुरते उरले आहेत, जाळी चालतात टीसीपी/आयपीवर.

एचटीएमएलमध्येही असंच घडलं. डब्ल्यूथ्रीसी एक्सएचटीएमएल २ च्या शुद्ध, पण जुन्या पानांशी न जुळणाऱ्या रचनेवर काम करत होतं. ॲपल, मोझिला आणि ऑपेराच्या लोकांनी २००४ मध्ये व्हॉटडब्ल्यूजी गट काढून आहे त्या वेबला पुढे नेणारा मार्ग धरला. २००९ मध्ये एक्सएचटीएमएल २ चं काम थांबवायचं ठरलं.

म्हणून मी आधी हे बघते: एकमेकांशी संबंध नसलेल्या निदान दोन गटांनी ते मानक वापरून चालणारं सॉफ्टवेअर बनवलंय का, आणि ती दोन सॉफ्टवेअर परस्परांशी जुळतात का? आयईटीएफ एखाद्या प्रोटोकॉलला 'इंटरनेट मानक' हा वरचा दर्जा देताना नेमकी हीच अट घालतं. त्यानंतर तपासणीची साधनं मोफत मिळतात का, शेवटची दुरुस्ती कधी झाली, आणि उद्या ते सोडायचं ठरलं तर आपला डेटा कोणत्या रूपात बाहेर निघेल, हे बघावं. शेवटचा प्रश्न निवडीच्या वेळी कुणी विचारत नाही. तो तेव्हाच विचारायला हवा.

दोन्ही बाजू "आम्ही मानक पाळतो" म्हणतात, तरी यंत्रणा जुळत का नाहीत?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

पहिलं कारण, मानकात पर्याय असतात. अनेक पक्षांना एकत्र आणायचं तर प्रत्येकाची सोय ठेवावी लागते, आणि प्रत्येक सोय म्हणजे एक फाटा. तारखांचं मानक आयएसओ ८६०१ घ्या. २०२५-०३-०४ हे त्यात बसतं. मधल्या रेघा काढून २०२५०३०४ लिहिलं तरी बसतं. वर्षातला कितवा आठवडा आणि त्यातला कितवा वार, असं लिहिलं तरी बसतं. वेळेसोबत टाइमझोन न लिहिणंही त्याला चालतं. तेव्हा एक यंत्रणा टाइमझोन पाठवत नाही, दुसरी तो गृहीत धरते, आणि दोघीही मानकाशी प्रामाणिक असतात. अपॉइंटमेंट मात्र काही तास सरकलेली असते.

आरोग्यक्षेत्रातल्या एफएचआयआर मानकात रुग्णाच्या मूळ नोंदीत नाव आणि जन्मतारीखसुद्धा सक्तीची नाही. हे मुद्दाम केलेलं आहे, कारण बेशुद्ध अवस्थेत आणलेल्या अनोळखी माणसाचीही नोंद करता आली पाहिजे. पण त्यामुळे जवळपास रिकामी नोंदही मानकात बसते, आणि विम्याचा दावा तपासणाऱ्या यंत्रणेला तिचा काही उपयोग नसतो.

दुसरं कारण शब्दांचं आहे. आयईटीएफच्या दस्तऐवजांत 'मस्ट', 'शुड' आणि 'मे' हे शब्द नेमक्या अर्थानं येतात. तो अर्थ १९९७ च्या आरएफसी २११९ मध्ये ठरवून दिला आहे (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज). 'शुड' म्हणजे "जमलं तर करा" नव्हे. सबळ कारण असेल तरच सोडा, आणि सोडण्याचे परिणाम पूर्ण समजून सोडा, असा त्याचा अर्थ आहे. वेळ कमी पडला की टीम 'शुड' आणि 'मे' एकाच टोपलीत टाकतात.

तिसरं कारण, करार असतो पण प्रत्यक्षात कुणी पडताळलेला नसतो. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाशी पोहोचताना नष्ट झालं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर इंजिनाच्या झटक्यांचे आकडे पाउंड-सेकंदांत देत होतं, ते वाचणारं सॉफ्टवेअर न्यूटन-सेकंद समजत होतं. दोन्हींत सुमारे ४.४५ पटींचा फरक. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. विसरली जाते ती पुढची बाब: दोन सॉफ्टवेअरमधल्या देवाणघेवाणीचा लेखी दस्तऐवज होता आणि त्यात मेट्रिक एककंच मागितली होती. मानक ठरलेलं होतं, लिहिलेलं होतं, आणि तरी त्या फाइलमध्ये ते उतरलं की नाही हे टोकापासून टोकापर्यंत तपासलं गेलं नाही.

मग यावर उपाय काय? 'प्रोफाइल' म्हणतात तो कसा लिहायचा?

प्रोफाइल म्हणजे मानकातल्या पर्यायांपैकी आपण कोणते घेतले, हे सांगणारा छोटा दस्तऐवज. मानकाला छेद न देता तो ते अरुंद करतो. नमुना हवा तर २००२ चा आरएफसी ३३३९ वाचा. तो आयएसओ ८६०१ चाच प्रोफाइल आहे: इंटरनेटवरच्या वेळेसाठी एकच ठरावीक मांडणी, आणि यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपासूनचं अंतर लिहिणं सक्तीचं. कित्येक तंटे एवढ्यानं मिटतात.

तुमच्या प्रोफाइलमध्ये मानकाची नेमकी आवृत्ती असली पाहिजे, "नवीनतम" हा शब्द नको. जिथे मानक 'मे' म्हणतं तिथे तुमचं 'हो' किंवा 'नाही' हवं. कोणती फील्ड सक्तीची, कोणत्या कोडयाद्या वापरायच्या, माहिती नसेल तेव्हा फील्ड रिकामं ठेवायचं की वगळायचं, चूक झाल्यावर समोरच्याला काय कळवायचं, हे सगळं त्यात यावं. एखादी गोष्ट 'नाही' आणि ती 'माहीत नाही' यांतला फरक तर आवर्जून लिहा. ॲलर्जी नाही आणि ॲलर्जी विचारलीच नाही, या दोन नोंदी सारख्या दिसता कामा नयेत.

आणि प्रत्येक नियमासोबत दोन नमुने जोडा, एक बरोबर आणि एक मुद्दाम चुकवलेला. वीस पानं वाचायला कुणाला वेळ नसतो. नमुना फाइल मात्र प्रत्येक जण उघडतो, आणि तीच पुढे स्वयंचलित चाचणी होते. प्रोफाइल लिहायला दोन्ही बाजूंची माणसं बसवा. एकट्यानं लिहिलेला प्रोफाइल हा अजून प्रस्तावच असतो.

समोरून थोडा चुकीचा डेटा आला तर समजून घ्यावा की परत पाठवावा?

इंटरनेटच्या सुरुवातीच्या रचनाकारांपैकी एक, जॉन पोस्टेल, यांनी १९८० मध्ये टीसीपीच्या दस्तऐवजात एक तत्त्व लिहिलं: स्वतः पाठवताना काटेकोर राहा, दुसऱ्याचं घेताना उदार राहा. इंटरनेट वाढलं त्यात या उदारपणाचा वाटा आहे. पण त्याची किंमतही आहे. एकानं चूक चालवून घेतली की पाठवणारा ती दुरुस्त करत नाही. मग ती चालवून घेणं सगळ्यांनाच भाग पडतं, आणि ती चूकच अलिखित मानक बनते. आयईटीएफच्याच वर्तुळातून २०२३ मध्ये आरएफसी ९४१३ हा दस्तऐवज आला, त्यात या तत्त्वाच्या दुष्परिणामांची सविस्तर चर्चा आहे.

माझं मत असं: प्रकल्पाच्या सुरुवातीच्या काळात कडक राहा. तेव्हा जोडलेले भागीदार कमी असतात, चूक दाखवून दिली तर ती त्याच आठवड्यात दुरुस्त होते. डेटा नाकारताना "अवैध इनपुट" एवढंच लिहू नका, कोणतं फील्ड, काय आलं, काय अपेक्षित होतं, ते सांगा. पुढे नाइलाजानं सूट द्यावीच लागली तर ती नोंदवा, आणि कुणाला, कधीपर्यंत, हेही लिहा.

उलट बाजूही लक्षात ठेवा. आज न ओळखीची, पण मानकानं भविष्यासाठी परवानगी दिलेली गोष्ट आली तर कोसळू नका. वेबवरची जोडणी सुरक्षित ठेवणाऱ्या टीएलएस प्रोटोकॉलची १.३ आवृत्ती बनवताना हेच आडवं आलं. वाटेतली काही उपकरणं नवा आवृत्ती-क्रमांक दिसला की जोडणीच तोडत. शेवटी २०१८ मध्ये ते मानक आलं तेव्हा त्याचा पहिला संदेश जुन्या जागी टीएलएस १.२ चाच क्रमांक सांगतो आणि खरी आवृत्ती वेगळ्या विस्तारात देतो.

निविदेत किंवा कंत्राटात काय लिहावं?

"सर्व लागू आंतरराष्ट्रीय मानकांचं पालन करावं" हे वाक्य काढून टाका. त्यानं कुणावरही काहीच बंधन येत नाही, आणि तंटा झाला तर दोन्ही बाजू त्याचा हवा तो अर्थ लावतात. मानकाचं नाव, आवृत्ती, आपला प्रोफाइल आणि स्वीकृतीची चाचणी, या चार गोष्टी लिहा. चाचणी व्हेंडरच्या स्वतःच्या दोन उत्पादनांमध्ये घेतलेली चालणार नाही, समोर दुसऱ्या कुणाचं सॉफ्टवेअर असलं पाहिजे. डेटा मानक रूपात बाहेर काढून देण्याची अटही पहिल्या दिवसाच्या कंत्राटातच घाला आणि ती दरवर्षी एकदा खरोखर वापरून बघा.

प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे काम झालं ना?

त्यावरची व्याप्ती वाचा. आयएसओ/आयईसी २७००१ चं प्रमाणपत्र संपूर्ण संस्थेचं असू शकतं, किंवा फक्त एका कार्यालयाचं आणि एका सेवेचं. सोबत 'स्टेटमेंट ऑफ ॲप्लिकेबिलिटी' नावाचा दस्तऐवज असतो, ज्यात कोणती नियंत्रणं लागू केली, कोणती वगळली आणि का, ते लिहिलेलं असतं. व्हेंडरकडे प्रमाणपत्रासोबत हाही मागा. तो द्यायला कुणी खळखळ केली तर तेही काही सांगून जातं.

वेबसाइट दिव्यांगांना वापरता यावी म्हणून असलेल्या डब्ल्यूसीएजी मानकाचंही तसंच आहे. २०२३ च्या २.२ आवृत्तीत ८६ निकष आहेत, ए, एए आणि एएए अशा तीन पातळ्यांत वाटलेले. स्वयंचलित साधन चित्राला पर्यायी मजकूर आहे की नाही ते सांगतं, तो मजकूर अर्थपूर्ण आहे की नाही हे नाही. हिरवे टिकमार्क आले तरी स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या माणसासोबत बसून अर्ज भरून बघावाच लागतो. हे काम मनापासून करा. इथे चूक झाली तर एक माणूस दाराबाहेर राहतो.

जुनी यंत्रणा चालू आहे. बदल एका दिवसात करावा की टप्प्याटप्प्यानं?

दोन्ही पद्धतींनी मोठे बदल झाले आहेत. १ जानेवारी १९८३ रोजी इंटरनेटचं पूर्वज असलेल्या अर्पानेट या अमेरिकी जाळ्यानं जुना एनसीपी प्रोटोकॉल सोडून टीसीपी/आयपी घेतलं. ते एका दिवसाचं काम नव्हतं. बदलाची योजना नोव्हेंबर १९८१ मध्येच आरएफसी ८०१ म्हणून प्रसिद्ध झाली होती, आणि १९८२ मध्ये एनसीपी थोड्या काळासाठी मुद्दाम बंद करून कोण तयार नाही ते उघड केलं गेलं. ही मधली युक्ती आजही उपयोगी आहे: अंतिम तारखेआधी जुना मार्ग काही तास बंद ठेवा, कोण आरडाओरडा करतं ते बघा, पुन्हा सुरू करा. यादीत नसलेले वापरकर्ते असेच सापडतात.

ती सक्ती शक्य झाली कारण जाळं लहान होतं आणि त्याच्यावर एकाच संस्थेचं नियंत्रण होतं. इंटरनेटवरच्या यंत्रांना पत्ते देणाऱ्या प्रोटोकॉलची नवी आवृत्ती, आयपीव्ही६, हिची गोष्ट याच्या अगदी उलटी. त्याचं पहिलं मानक डिसेंबर १९९५ मध्ये आलं. जुन्या आयपीव्ही४ शी ते थेट जुळत नाही, पहिल्यानं बदलणाऱ्याला ताबडतोब काही मिळत नाही, आणि पत्ते वाटून घेण्याच्या क्लृप्त्यांनी टंचाई सोसण्याजोगी केली. २०११ च्या फेब्रुवारीत आयपीव्ही४ पत्त्यांचा मध्यवर्ती साठा संपला, तरीही आज दोन्ही सोबत चालतात.

टप्प्याटप्प्यानं जायचं ठरलं तर मध्ये अनुवादक लागतो, आणि अनुवादात माहिती गळते. आंतरराष्ट्रीय बँक-संदेशांत स्विफ्ट या बँकांच्या संदेश-जाळ्यानं मार्च २०२३ ते नोव्हेंबर २०२५ असा सहअस्तित्वाचा काळ ठेवला होता. त्या काळात आयएसओ २००२२ या नव्या मानकाचा भरगच्च संदेश जुन्या रचनेत बसवताना लांब नावं आणि पत्ते कापले जाण्याचा धोका होता. म्हणून कापलेला मजकूर कुठे गेला आणि मूळ संदेश कुठे जपला आहे, हे आधी ठरवा. सहअस्तित्वाला शेवटची तारीखही ठेवा. तारीख नसेल तर अनुवादक हीच तुमची कायमची यंत्रणा होते.

मानकाची नवी आवृत्ती आली की लगेच बदलायचं का?

सुरक्षेशी संबंधित असेल तर हो, लवकर. टीएलएस १.० आणि १.१ ना २०२१ मध्ये आयईटीएफनं अधिकृतपणे मोडीत काढलं, ती चालू ठेवण्याला आता कारण नाही. बाकी ठिकाणी भागीदारांच्या चालीनं चाला. एकट्यानं पुढे जाऊन उपयोग नसतो.

मानक बदलणार हे धरूनच बांधणी करा. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम संगणकांपुढे टिकणाऱ्या कूटलेखनाची पहिली तीन मानकं प्रसिद्ध केली. ज्यांच्या यंत्रणेत अल्गोरिदमचं नाव एका ठिकाणी, सेटिंगमध्ये आहे, त्यांचं काम सोपं. ज्यांच्याकडे ते शेकडो फाइल्समध्ये विखुरलंय, त्यांना आधी शोधाशोध करावी लागेल. म्हणून आजच यादी करा: कुठे कोणतं कूटलेखन, कोणती आवृत्ती, कोण जबाबदार.

मानक वापरायला पैसे पडतात का?

दस्तऐवजाचे पडू शकतात, पण ते किरकोळ. मोठा खर्च माणसांच्या वेळेचा आणि कधीकधी पेटंटचा. डब्ल्यूथ्रीसीचं २००४ पासूनचं धोरण पेटंटशुल्क नसलेली मानकं मागतं. मोबाइल किंवा व्हिडिओच्या क्षेत्रात 'न्याय्य, वाजवी आणि भेदभावरहित' अटींवर परवाना द्यावा असा नियम असतो, त्याचा अर्थ फुकट असा नाही. जीआयएफ चित्रांचं काय झालं ते आठवा: १९८७ पासून सगळे बिनधास्त वापरत होते. १९९४ च्या अखेरीस आतल्या एलझेडडब्ल्यू या फाइल लहान करण्याच्या पद्धतीवर पेटंटशुल्काची मागणी आली, आणि त्या धक्क्यातून पीएनजी हे चित्रांचं दुसरं रूप जन्माला आलं. निवड करण्याआधी पेटंटधोरणाचं पान वकिलाला दाखवा.

आमचं क्षेत्र इतकं नवं आहे की मानकच नाही. मग?

पूर्ण रिकामं क्षेत्र क्वचितच असतं. तुमची मुख्य कल्पना नवी असेल, पण तिच्याभोवतीची अक्षरं, वेळ, देशांचे आणि चलनांचे कोड, लॉगिन, फोन क्रमांक यांची मानकं आहेतच. ती घ्या आणि उरलेला खरा नवा भाग किती लहान आहे ते बघा. त्या भागाची रचना स्वतः करा, ती उघड प्रसिद्ध करा, पहिल्या दिवसापासून आवृत्ती-क्रमांक द्या. मसुदा अवस्थेतलं मानक वापरायचं असेल तर ते एका वेगळ्या थरामागे ठेवा.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल हा प्रश्न हल्ली फार येतो. आयएसओ/आयईसी ४२००१ हे डिसेंबर २०२३ मध्ये आलं आहे, पण ते संस्थेनं अशा प्रणालींचं व्यवस्थापन कसं करावं ते सांगतं. तुमचं मॉडेल बरोबर उत्तर देतं याची हमी त्यात शोधू नका.

मानकच चुकीचं वाटलं तर?

तेही शक्य असतं. निस्टनं २००६ मध्ये मान्य केलेल्या ड्युअल ईसी डीआरबीजी या यादृच्छिक आकडे देणाऱ्या पद्धतीत मागचं दार, म्हणजे ते आकडे आधीच ओळखण्याची छुपी वाट, असू शकतं, हे २००७ मध्येच तज्ज्ञांनी दाखवून दिलं होतं. २०१४ मध्ये ती काढून टाकण्याचा निर्णय झाला. मधली वर्षं ज्यांनी "मानकात आहे" एवढ्यावर ती वापरली, त्यांना विचार करायला जागा होती.

आपण मानकापासून दूर जात असू तर ते लपवू नका. विचलनांची एक नोंदवही ठेवा: कोणतं कलम, का सोडलं, कुणावर परिणाम, पुन्हा कधी बघायचं. आणि तोच मजकूर मानक बनवणाऱ्या गटाला पाठवा. आयएसओ आपल्या मानकांचा निदान दर पाच वर्षांनी फेरविचार करतं, आयईटीएफच्या दस्तऐवजातली चूक कुणीही कळवू शकतं. प्रत्यक्ष वापरणाऱ्याचा अनुभव तिथे फार कमी पोहोचतो.

टीम लहान आहे. हे सगळं कोण करणार?

एक माणूस पुरतो, पण त्याचं नाव ठरलेलं असलं पाहिजे आणि आठवड्यातले काही तास खरोखर मोकळे. त्याच्याकडे तीन गोष्टी असाव्यात: वापरातल्या मानकांची आवृत्तीसह यादी, प्रोफाइल आणि विचलनांची नोंदवही. समिती नेमायची घाई करू नका.

मानक खरंच स्वीकारलं गेलं, हे कशावरून ओळखायचं?

तुमच्या टीमबाहेरच्या एका डेव्हलपरला फक्त प्रसिद्ध दस्तऐवज, नमुना फाइल्स आणि चाचणीचा सर्व्हर द्या. त्यानं तुम्हाला फोन न करता जोडणी करून दाखवली पाहिजे. तो जिथे अडकेल आणि विचारेल, तो प्रत्येक प्रश्न प्रोफाइलमधली एक रिकामी जागा आहे. ती भरा, आणि पुढच्या तिमाहीत दुसऱ्या माणसाला बोलवा.